करी नव्हे, मेथी

आईला आता ऐकू बेताचंच येतं, नाक मात्र अजून तरुण आहे. गेल्या डिसेंबरात एका रात्री ती आतल्या खोलीतून काठी टेकत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, ‘मेथी खंय करपता रे?’ आम्ही गोव्यातली बरीच माणसं बोलतो कोंकणीत आणि लिहितो मराठीत, म्हणून तिचं वाक्य तिच्याच बोलीत ठेवलंय. स्वयंपाकघरात दिवासुद्धा नव्हता. गॅस बंद, भांडी घासून पालथी घातलेली. टेबलावर तीन पेले, एका बशीत भाजलेले काजू, आणि भाच्याने फ्रान्सहून आणलेली एक बुटकी, चौकोनी खांद्यांची बाटली. ती उघडून तासभर झाला असेल.

भाचा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. कारण त्याआधी वीस मिनिटं आम्ही दोघं हा वास कसला म्हणून पेल्यात नाक खुपसून बसलो होतो. मी ‘अक्रोड’ म्हणालो होतो, कारण तसं त्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं होतं. तो ‘करी’ म्हणाला होता, कारण तिकडे सगळे तसंच म्हणतात. आणि 85 वर्षांच्या बाईने, जिने जन्मात वाइनचा थेंब चाखला नाही, पेल्याकडे न बघता दारातून सांगून टाकलं.

मी 34 वर्षं उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवलं. हे मला कळायला हवं होतं. ते का, हे पुढे येईलच.

भाचा बझांसोंला नोकरीला आहे. हे घड्याळांचं गाव, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ. तिथून दक्षिणेला गाडीने थोडं गेलं की ज्युरा पर्वताच्या पायथ्याचे मळे सुरू होतात. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू आणता येते, त्या हिशेबात त्याने तीन बाटल्या बसवल्या होत्या: एक पाऊण लिटरची, एक 62 सेंटिलिटरची, एक 37.5 ची. एकूण पावणेदोन लिटरला पाच मिलिलिटर कमी. मोपा विमानतळावर उतरल्यावर त्याने हा हिशेब मला आधी सांगितला आणि मग नमस्कार केला. ‘मामा, या तिघींत अख्खा ज्युरा आहे,’ म्हणाला. अख्खा नव्हता, पण बराचसा होता.

ज्युरा म्हणजे बरगंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधली मळ्यांची चिंचोळी पट्टी. आज तिथे द्राक्षं साधारण 2,000 हेक्टरवर आहेत, म्हणजे 20 चौरस किलोमीटर. डिचोली तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावतील. एकोणिसाव्या शतकात हीच लागवड 20,000 हेक्टरच्या आसपास होती. मग अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी उवेएवढी कीड आली आणि इतर फ्रान्सबरोबर ज्युराही झोपला. त्यावर उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या द्राक्षाच्या खुंटावर आपल्या जातीचं कलम करायचं, कारण त्या मुळांना ही कीड मारू शकत नाही. नाशिक-सांगलीच्या बागाइतदारांना डॉगरिज हे नाव पाठ असेल. तोही अमेरिकन खुंटच, फक्त आपल्याकडे तो पाण्याच्या आणि खारट जमिनीच्या तक्रारीवर लावतात. ज्युरातले सगळे मळे मात्र परत उभे राहिले नाहीत. उतारावर राबायला माणसं कुठून आणायची? डिचोलीत खाणी सुरू झाल्यावर शेतांचं काय झालं ते आम्ही पाहिलंय, त्यामुळे या प्रश्नाचं मला फारसं नवल वाटलं नाही.

जमीन निळसर-करड्या मार्लची, म्हणजे चुनखडी मिसळलेल्या चिकणमातीची. या डोंगरांच्या चुनखडीला 1799 साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने ज्युराचं नाव दिलं आणि त्यावरून पुढे सगळ्या जगाला ‘ज्युरासिक’ हा शब्द मिळाला. मुलांना डायनासोर ठाऊक असतात, डोंगर ठाऊक नसतो. लेत्वाल नावाचं एक गाव आहे, लेत्वाल म्हणजे तारा. तिथल्या मळ्यांत पाच टोकांचे ताऱ्यासारखे बारके जीवाश्म मिळतात. भाच्याने एक नखाएवढा आणला होता. आईने तो देवाजवळ ठेवला. मी काही बोललो नाही.

ज्युरात द्राक्षाच्या मुख्य जाती पाच. तांबड्यात पुल्सार, त्रुसो आणि पिनो न्वार, पांढऱ्यात शार्दोने आणि साव्हान्यँ. पिनो न्वार आणि शार्दोने बरगंडीच्या शेजारणी, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला रस बाकीच्या तिघींत.

पाऊण लिटरची बाटली पुल्सारची होती. या द्राक्षाची साल इतकी पातळ की तांबड्या वाइनचा रंगसुद्धा धड येत नाही. पेल्यात ओतली तेव्हा बायको म्हणाली, ‘भिरंडाचं पाणी.’ कोकमाला आमच्याकडे भिरंड म्हणतात. वन्संबाईंच्या मुलाने फसून सरबत आणलं की काय, असा तिचा चेहरा. चवीला मात्र हलकी, आंबटसर, किंचित मातकट, थंड करून प्यायला झकास. प्युपियँ नावाचं गाव स्वतःला पुल्सारची जागतिक राजधानी म्हणवतं आणि हट्टाने त्याला ‘प्लुसार’ म्हणतं. एका अक्षराची जागा बदलून गावाची ओळख करायची, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक गंमत म्हणजे ज्युरात चव घ्यायला बसलात तर आधी तांबडी देतात आणि मग पांढरी. सगळीकडे उलटं असतं. पण इथल्या पांढऱ्या एवढ्या दांडग्या की त्यांच्यानंतर पुल्सार पाण्यासारखी लागेल.

त्रुसोची बाटली आली नव्हती, पण तिची एक गोष्ट सांगायलाच हवी. हेच द्राक्ष पोर्तुगालमध्ये बास्तार्दो नावाने ओळखलं जातं आणि पोर्त वायनसाठी वापरायच्या जातींत त्याची गणना होते. डीएनए तपासल्यावर दोन्ही एकच निघाली. पोर्त वायन म्हटलं की आमच्या पिढीला काय आठवतं? बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या माणसाला झोपताना एक लहान पेला. दारू न शिवणाऱ्या घरांतसुद्धा कपाटात एक बाटली ‘औषध’ म्हणून असायची. गोव्यात मिळणारी ती गोड पोर्त बहुतेक बंगळूर ब्लू द्राक्षाची, तिचा बास्तार्दोशी संबंध फक्त लेबलापुरता. तरी भाच्याला सांगितलं, पुढच्या वेळी त्रुसो आण. नात्यातली आहे.

आता बुटक्या बाटलीकडे येतो. हिचं नाव क्लाव्हलँ आणि आतल्या वाइनचं व्हँ झोन, म्हणजे पिवळी वाइन. ही फक्त साव्हान्यँ द्राक्षाची करतात. द्राक्ष उशिरा, बरेचदा ऑक्टोबर सरता सरता काढतात. रस नेहमीसारखा आंबवतात आणि लाकडाच्या पिंपांत भरतात. इथवर काही विशेष नाही. विशेष हे की पुढची सहा वर्षं पिंप पुन्हा भरत नाहीत.

वाइन लाकडातून हळूहळू उडत असते. शहाणा माणूस दर काही दिवसांनी वर नवी वाइन ओतून पिंप काठोकाठ ठेवतो, कारण रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. व्हँ झोन करणारे ही जागा मुद्दाम सोडतात. तिथे यीस्टची पातळ, करडी-पांढरी साय धरते. तिला ते ‘व्हुआल’ म्हणतात, म्हणजे ओढणी, पडदा. ही साय वाइन आणि हवा यांच्यामध्ये पहारा देते. हवा आत जाते, पण तिच्या परवानगीने. पिंपं तळघरातच असली पाहिजेत असं नाही. माळ्यावर, उन्हाळ्याचा उकाडा आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागेल अशा जागीही ठेवतात, कारण तापमान हलत राहिलं की साय जोर धरते आणि ओसरते. नियम असा की द्राक्ष काढल्यापासून सहाव्या वर्षीच्या 15 डिसेंबरपर्यंत वाइन पिंपात राहिली पाहिजे आणि त्यातले किमान 60 महिने सायीखाली. आमची बाटली 2016 च्या द्राक्षांची होती, म्हणजे ती पिंपातून सुटली डिसेंबर 2022 ला. एक लिटर आत घातलं तर शेवटी 62 सेंटिलिटर उरतं असा तिकडचा हिशेब, म्हणून बाटली 62 ची. बाकीचं गेलं देवदूतांना.

हे ऐकून मला माझं आजोळ आठवलं. सत्तरीत आजोबांची काजूची भाटी होती. मार्च-एप्रिलमध्ये बोंडं तुडवून काढलेला रस आंबला की भाणात उकळायचा. पहिल्या धारेची हुर्राक, तीच पुन्हा रसात घालून उकळली की फेणी. फेणीची काचेची मोठी बाटली, गराफांव, अर्धी राहिली की आजोबा अस्वस्थ व्हायचे. ‘अर्धी भरलेली ठेवू नको, वारा खाते’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. तुम्ही म्हणाल, फेणी उकळून काढलेली, वाइन आंबवलेली, तुलना कशाला? बरोबर आहे, तुलना नाहीच. पण अर्धं भांडं सहा वर्षं हात न लावता ठेवायला जी छाती लागते, ती आजोबांकडे नव्हती. मला वाटतं पहिल्यांदा कुणाच्या तरी आळसातून किंवा विसरभोळेपणातून हा प्रकार झाला असणार. कबूल मात्र कोण करणार!

आईचं नाक त्याच भाटीत तयार झालं. हुर्राक चालू आहे की फेणी, हे ती लहानपणी अंगणातून सांगायची म्हणे.

आता रसायनशास्त्र. सायीतलं यीस्ट अल्कोहोल खातं आणि त्याचं एसिटाल्डिहाइड करतं. हिरव्या सफरचंदाचा, ओल्या अक्रोडाचा वास त्याचाच. हे एसिटाल्डिहाइड वाइनमधल्या कीटोब्युटिरिक आम्लाशी सावकाश जुळतं आणि त्यातून सोटोलॉन नावाचा रेणू तयार होतो. ही जुळणी म्हणजे आल्डॉल कंडेन्सेशन. बारावीच्या मुलांना मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, ‘परीक्षेत हमखास येतं’ असं बजावून. पण ते एखाद्या माळ्यावर, ओढणीखाली, सहा वर्षं आपलं आपण होत असतं हे एकाही वर्गाला सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आणि सोटोलॉन हा मेथीदाण्याचा मुख्य वास आहे. मेथीसारखा म्हणायचं नाही, तोच. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. अगदी थोडा असला तर जळक्या साखरेसारखा, मेपलच्या काकवीसारखा लागतो, वाढला की सरळ मेथी. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून काही वर्षं अधूनमधून शहरभर गोड काकवीचा वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये उगम सापडला: नदीपलीकडे न्यू जर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना. आमच्या आईला त्या शहरात उभं केलं असतं तर चार वर्षं वाचली असती. बाळंतिणीने भरपूर मेथी खाल्ली की बाळाच्या अंगाला, लघवीला तोच गोड वास येतो आणि परदेशातले डॉक्टर एका दुर्मिळ आजाराच्या संशयाने तपासण्या करतात, अशाही नोंदी आहेत. आमच्याकडे त्या वासाला आजार म्हणत नाहीत, बाराव्यापर्यंतचं घर म्हणतात.

माझी तक्रार एवढीच आहे. वाइनवर लिहिणारे व्हँ झोनचं वर्णन करताना ‘अक्रोड, सुकी फळं, करी’ असं लिहितात. करी! काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात वाइन चाखायच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे वासांची छापील यादी हातात दिली आणि कुठल्या तरी पांढऱ्या वाइनपुढे ‘करी पावडर’ असं होतं. माझ्या बायकोने शेजारच्या बाईंना विचारलं, ‘ही पावडर कोणाच्या घरात असते हो?’ खरंच, कोणाच्या असते? हुमणाचा वास वेगळा, शाकुतीचा वेगळा, तोंडाकाचा वेगळा. युरोपातल्या डब्यातल्या त्या पिवळ्या भुकटीत मेथी असते आणि तिचाच वास सगळ्यांच्या वर येतो, म्हणून त्यांना व्हँ झोनमध्ये ‘करी’ दिसते. अख्खी हिंदुस्थानी चूल त्यांनी एका मेथीदाण्यात बसवली. त्यांच्या नाकाची चूक नाही, शब्दाची आहे. आपण मात्र तोच शब्द त्यांच्याकडून परत घेऊन मान डोलवायची, हे मला पटत नाही.

मग अर्थातच उडीदमेथी करायची ठरली. बांगडे ताजे मिळाले, बायकोने उडीद आणि मेथी तेलावर लालसर भाजून, खोबऱ्याबरोबर वाटून, आंबाडे घालून कढवली. घरभर वास. भाचा हर्षाने वेडा. पेला भरला, घास घेतला, घोट घेतला आणि... वाइन नाहीशी झाली. म्हणजे तिच्यातली मेथी ताटातल्या मेथीत विरघळून गेली आणि उरला फक्त आंबट, खारट सांगाडा. बांगड्याच्या तेलाशीही तिचं जमेना. एकाच सुराची दोन माणसं एकत्र गायला बसली की एकाचा आवाज ऐकूच येत नाही, तसं झालं. माझा तर्क सपशेल आपटला हे लिहून ठेवतो.

जमलं ते भलत्याशीच. दुसऱ्या दिवशी दुपारी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर होती: भाजलेली सुकी सुंगटं, खोबरं, कांदा, मिरची, चिंचेचा कोळ. तिच्याबरोबर व्हँ झोनचा एक घोट घेतला आणि दोघंही गप्प झालो. खारट, भाजका, थोडा समुद्र, आणि मागून हळूच मेथी. तिकडे हिच्याबरोबर कोंते चीज खातात, नाहीतर साय आणि मोरेल अळंबी घालून शिजवलेली कोंबडी, ज्यात हीच वाइन ओततात. कोंबडीचा प्रयोग मी पावसाळ्यावर ढकललाय. रानातली वारुळावरची अळमी आली की बघू, तीही मोरेलसारखीच खिसा रिकामा करते.

ज्यांच्या हाती ही बाटली कधी लागेल त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ही थंडगार पिऊ नका. पंधराएक अंश पुरे, आणि आधी काही तास उघडून ठेवा. गोड असेल या आशेने पहिला घोट घेऊ नका, ठणठणीत कोरडी आहे. शेरीसारखी वाटते, पण शेरीत वरून मद्यार्क घालतात, हिच्यात नाही. आणि संपवायची घाई नको. सहा वर्षं हवेशी भांडलेली वाइन उघडल्यावर काही आठवडे सहज टिकते. आम्ही फ्रिजच्या दारात ठेवून संक्रांत ओलांडली. बंद बाटलीचं तर विचारूच नका: 1774 च्या द्राक्षांची एक बाटली 2018 मध्ये लों-ल-सोनिएच्या लिलावात 1,03,700 युरोला गेली. 1774! इकडे तेव्हा नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरची बारभाईंची धामधूम चालू होती.

शातो-शालों या गावाच्या नावाने फक्त व्हँ झोनच विकतात आणि तिथली माणसं स्वतःशीच कडक. द्राक्ष चांगलं पिकलं नाही तर गावाचं नाव लावायचंच नाही. 1974, 1980, 1984 आणि 2001 या सालांत त्यांनी ते लावलं नाही. आपल्याकडे काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या साली ‘यंदा फेणी नाही’ म्हणणारं गाव मला बघायचंय.

तिसरी, छोटी बाटली होती व्हँ द पाय, गवताची वाइन. द्राक्षाचे घोस किमान सहा आठवडे सुकवतात, पूर्वी गवतावर पसरून, म्हणून हे नाव. मनुका होण्याच्या आधी पिळायची, तीन वर्षं ठेवायची. गोड, दाट. बायको आणि वन्संबाई यांनी ती एका संध्याकाळी संपवली आणि आमच्या वाट्याला बूच आलं. त्यामुळे जास्त लिहू शकत नाही.

शेवटी लुई पाश्चरबद्दल थोडं लिहितो, तो राहिला तर माझी नोकरी फुकट गेली. तो जन्मला ज्युरातल्या दोलला, 27 डिसेंबर 1822 रोजी, आणि वाढला आर्ब्वाला. बाप चामडं कमावणारा. आमची बाटली आर्ब्वाचीच, भाच्याने त्याचं नदीकाठचं घर पाहिलंय. मुलांना पाश्चर म्हणजे दूध तापवणं एवढंच ठाऊक, पण त्याने तापवायला घेतली ती वाइन, 1860 च्या दशकात, ती का बिघडते हे शोधताना. त्याच्याही आधी, 1848 मध्ये, टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघून त्याने एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेले डावे-उजवे वेगळे केले आणि त्रिमितीय रसायनशास्त्राचं दार उघडलं. या आम्लाचा क्षार वाइनच्या पिंपात तळाला साचतो. 1874 मध्ये त्याने आर्ब्वाजवळ स्वतःचा मळा घेतला आणि 1878 मध्ये तिथल्या काही वेलींवर काचघरं उभी केली. यीस्ट द्राक्षाच्या आत तयार होत नाही, बाहेरून सालीवर येऊन बसतं, हे त्याला सिद्ध करायचं होतं. काचेआड पिकलेला रस आंबला नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. मोठ्याने, दोनदा. साय, पिंप, सहा वर्षं, आल्डिहाइड सोडून सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण मेथी घालतात कधी?’ मी म्हटलं, घालत नाहीत गं, ती आपोआप होते. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं फक्त भाटीवाल्याच्या मुलीलाच बघता येतं. कृती विचारली की प्रत्येक भाटीवाला ‘काही घालत नाही’ असंच सांगतो, हे तिला माहीत आहे.

बाटली तिने धुवून घेतली. भिरंडाचं आगळ भरायला माप बरं आहे म्हणते.